बीजिंगचा चौथा क्रमांक : हान्यूने क्वाड ॲक्सेलचा हट्ट धरायला नको होता का?

शिशिर (धागाकर्ता)

युझुरु हान्यूने १९ जुलै २०२२ रोजी स्पर्धांमधून निवृत्ती जाहीर केली, त्याला आता बराच काळ लोटला. तरी एक गोष्ट माझ्या मनाला अजून टोचत राहते. ती इथल्या जाणकारांसमोर ठेवावी, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी फिगर स्केटिंग फारसे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जपानमधल्या सेंदाई शहरात डिसेंबर १९९४ मध्ये जन्मलेला हा मुलगा मोठ्या बहिणीच्या मागोमाग वयाच्या चौथ्या वर्षी बर्फावर उतरला. दम्याचा त्रास त्याला लहानपणापासून होता. २०१० साली तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला, २०१४ मध्ये सोचीला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि २०१८ मध्ये प्योंगचांगला ते राखले. पुरुष एकेरीत लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याआधी अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ आणि १९५२ साली मिळवली होती. म्हणजे मध्ये सहासष्ट वर्षे गेली. लागोपाठ तीन सुवर्णपदके तर फक्त स्वीडनच्या गिलिस ग्राफस्ट्रॉमच्या नावावर आहेत, १९२०, १९२४ आणि १९२८ सालची.

२०२२ मध्ये बीजिंगला हान्यू ग्राफस्ट्रॉमच्या बरोबरीला येऊ शकला असता, निदान तिसरे ऑलिंपिक पदक तरी नक्की घेऊ शकला असता, असे मला वाटते. परंतु त्याने फ्री स्केटची, म्हणजे स्पर्धेतल्या दुसऱ्या आणि मोठ्या कार्यक्रमाची, सुरुवातच क्वाड ॲक्सेलने केली. हवेत साडेचार गिरक्या घ्यायची ही उडी तोपर्यंत कोणालाही स्पर्धेत साधलेली नव्हती आणि त्यालाही साधली नाही. तो पडला, पुढच्या क्वाड साल्काव या चार गिरक्यांच्या उडीतही पडला आणि एकूण २८३.२१ गुणांसह चौथा आला. कांस्यपदक मिळवणारा त्याचाच देशबांधव शोमा उनो २९३.०० वर होता.

माझे मत असे आहे की इतक्या मोठ्या खेळाडूने अखेरच्या ऑलिंपिकमध्ये स्वतःचा हट्ट बाजूला ठेवायला हवा होता. आपल्याला काय वाटते?

मूकवाचक

विषय चांगला आहे. मला गुणांची पद्धत फारशी कळत नाही, त्यामुळे वाचत राहीन. ॲक्सेलमध्ये तो अर्धा फेरा जास्तीचा का असतो, हे कोणी सांगेल का?

बर्फाळवाट

@मूकवाचक, मी वयाच्या पस्तिशीनंतर स्केटिंग शिकायला लागले आणि एकेरी ॲक्सेलपाशी दोन वर्षे अडले आहे, तेव्हा या एका प्रश्नाचे उत्तर मला देता येईल.

बाकीच्या सगळ्या उड्या पाठमोरे जाताना घेतात आणि पाठमोरेच उतरतात. ॲक्सेल ही एकच उडी समोर तोंड करून घ्यायची असते. उतरायचे मात्र पाठमोरेच असते, म्हणून प्रत्येक ॲक्सेलला अर्धा फेरा वाढतो. एकेरी म्हणजे दीड, दुहेरी म्हणजे अडीच, तिहेरी म्हणजे साडेतीन आणि क्वाड म्हणजे साडेचार. हवेतला काळ पाऊण सेकंदही नसतो. तेवढ्यात हात छातीशी घट्ट घ्यायचे, शरीराची काठी करायची, साडेचार वेळा फिरायचे आणि मग तीच काठी क्षणात उलगडून जेमतेम चार मिलिमीटर रुंदीच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर उतरायचे.

समोर उडी घेण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी पडद्यावर दिसत नाही. आपण जिथे झेप घेणार ती मोकळी हवा आपल्याला दिसत असते आणि शरीर घाबरून मागे झुकते. प्रशिक्षक कितीही ओरडले तरी पहिली कित्येक महिने माझा उजवा गुडघा वर जायचाच नाही. ज्या माणसाने ट्रिपल ॲक्सेल अवघड पावलांमधून थेट, तयारीचा एक क्षणही न घेता मारायची सवय लावून घेतली, त्याला या उडीची ओढ का लागली असेल हे मी समजू शकते. ती त्याची स्वतःची उडी होती.

आकडेमोड

धागाकर्त्यांची कळकळ पोचली, पण त्यांच्या मांडणीचा पाया मला पटला नाही. बीजिंगचे गुण पुन्हा एकदा मांडू या.

शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या कार्यक्रमात, सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकेच्या नेथन चेनला ११३.९७, रौप्य जिंकलेल्या जपानच्या युमा कागियामाला १०८.१२, उनोला १०५.९० आणि हान्यूला ९५.१५ गुण मिळाले. हान्यू आठवा होता. फ्री स्केटमध्ये चेनला २१८.६३, कागियामाला २०१.९३, हान्यूला १८८.०६ आणि उनोला १८७.१० गुण मिळाले. म्हणजे दोनदा पडूनही हान्यू फ्री स्केटमध्ये तिसरा होता आणि उनोच्या पुढे होता. पदक गेले ते शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, आणि तिथे क्वाड ॲक्सेलचा काही संबंध नव्हता.

तिथे काय झाले ते आठवा. पहिलीच उडी क्वाड साल्काव होती, झेप घेताना त्याचे पाते बर्फातल्या खड्ड्यात गेले आणि उडी एकेरी झाली. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये एकेरी उडी ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे तिचे गुण शून्य. क्वाड साल्कावची मूळ किंमत ९.७ आहे. उनो आणि हान्यू यांच्यातला शेवटचा फरक ९.७९ होता. सफाईचा एकही जादा गुण न मिळता ती उडी नुसती साधी उतरली असती, तरी एकूण २९२.९१ झाले असते, म्हणजे कांस्यपदकापासून नऊ शतांश गुण दूर. पंचांनी सफाईसाठी उणे पाच ते अधिक पाच या श्रेणीत सरासरी अधिक एक जरी दिला असता तरी पदक त्याचे होते, आणि तेही फ्री स्केटमध्ये दोनदा पडून!

शिशिर

@आकडेमोड, ही बाजू मी खरोखरच अशी तपासलेली नव्हती. तरीही प्रश्न उरतोच. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये मागे पडल्यावर तरी त्याने बेत बदलायला नको होता का? क्वाड ॲक्सेलच्या जागी ट्रिपल ॲक्सेल घेतली असती तर पदक मिळाले नसते का?

आकडेमोड

नसते मिळाले. बीजिंगच्या क्वाड ॲक्सेलची मूळ किंमत १२.५० होती, गिरकी थोडी अपुरी ठरल्यामुळे ती १०.०० झाली आणि पडल्यामुळे सफाईचे पाच गुण उणे होऊन हातात ५.०० राहिले. पडल्याचा एक गुण वेगळा वजा झाला, म्हणजे निव्वळ चार. ट्रिपल ॲक्सेलची मूळ किंमत ८.० आहे आणि सर्व पंचांनी अधिक पाच दिले तरी ती १२ च्या वर जात नाही. फरक फार तर आठ गुणांचा पडतो आणि एकूण २९१.२१ होते. उनोचे २९३.

कातरवेळ

हिशेबात एक गोष्ट राहिली, @आकडेमोड. तिसऱ्या ट्रिपल ॲक्सेलचा पर्याय त्याच्यापुढे नव्हताच, कारण त्या फ्री स्केटमध्ये दोन ट्रिपल ॲक्सेल आधीच होत्या आणि एकच तिहेरी उडी दोनपेक्षा जास्त वेळा घेता येत नाही. खरा पर्याय क्वाड लूपचा होता. ती २०१६ साली स्पर्धेत सर्वप्रथम यशस्वी करणारा खेळाडू हान्यूच होता. तिची मूळ किंमत १०.५, तिला सफाईचे सव्वातीनहून थोडे जास्त गुण मिळाले असते, तर कांस्यपदक आले असते, आणि चांगल्या दिवशी त्याची लूप तेवढे गुण सहज मिळवत असे. त्यामुळे धागाकर्त्यांचा प्रश्न अगदीच निराधार नाही.

शिवाय क्वाड ॲक्सेलची किंमत केवळ त्या एका उडीच्या गुणांत मोजणे मला अपुरे वाटते. तिच्या सरावासाठी त्याने वर्षानुवर्षे घोटा पणाला लावला. २०२१ च्या नोव्हेंबरात उजव्या घोट्याच्या दुखापतीमुळे त्याला ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेतल्या आपल्या दोन्ही स्पर्धा सोडाव्या लागल्या. बीजिंगमध्ये फ्री स्केटच्या आदल्या दिवशीच्या सरावात तोच घोटा पुन्हा मुरगळला आणि वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो उतरला. उजवा पाय हा त्याचा उतरण्याचा पाय. ॲक्सेलच्या मागोमागची साल्काव पडली, तिचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा?

आकडेमोड

@कातरवेळ, लूपची दुरुस्ती मान्य. दोन ट्रिपल ॲक्सेल आधीच असल्याचे माझ्या लक्षातून निसटले.

सडेतोड

मी थोडे वेगळे बोलतो. हान्यूच्या चौथ्या क्रमांकावर जितके लिहिले जाते, त्याच्या निम्मेही त्याच स्पर्धेच्या विजेत्यावर लिहिले जात नाही, हे मला योग्य वाटत नाही.

नेथन चेन २०१८ मध्ये प्योंगचांगला शॉर्ट प्रोग्रॅममध्ये कोसळला आणि सतरावा होता. दुसऱ्या दिवशी त्याने सहा क्वाड उड्यांचा फ्री स्केट केला, २१५.०८ गुण घेतले, फ्री स्केटमध्ये पहिला आला आणि एकूणात पाचवा. त्यानंतर जवळपास साडेतीन वर्षे तो एकही स्पर्धा हरला नाही आणि त्यातला बराच काळ येल विद्यापीठातले शिक्षण चालू होते. बीजिंगमध्ये एकूण ३३२.६० गुण घेऊन तो जिंकला. ज्या नियमांत सर्वांना खेळायचे होते ते नियम त्याने नीट वाचले, आपल्या शरीराला काय झेपते ते ओळखले आणि चार वर्षे तेच घोटले.

क्वाड ॲक्सेलची किंमत २०१८ च्या नियमबदलात १५ वरून १२.५ वर आली. क्वाड लुट्झ या चार गिरक्यांच्या दुसऱ्या अवघड उडीची ११.५ राहिली. म्हणजे संपूर्ण जगात कोणालाही न जमलेल्या उडीसाठी लुट्झपेक्षा फक्त एक गुण जास्त. असा व्यवहार चेनने केला नाही, यात त्याचे शहाणपण आहे, आणि शहाणपणालाही सौंदर्य असते.

बर्फाळवाट

@सडेतोड, चेनबद्दल आपण लिहिले ते सर्व मान्य. पण तुमचाच शेवटचा परिच्छेद हान्यूच्या बाजूने बोलतो आहे. जास्तीच्या एका गुणासाठी कोणी घोटा मोडून घेत नाही. म्हणजे तो गुणांसाठी ती उडी करतच नव्हता. सोची आणि प्योंगचांग त्याच्या पदरात पडलेले होते. २०२० मध्ये सोलला चार खंडांची (युरोपबाहेरच्या देशांची) स्पर्धा जिंकून त्याने कनिष्ठ आणि वरिष्ठ गटांतली सर्व मोठी विजेतेपदे पूर्ण केली होती आणि असे करणारा तो पहिला पुरुष स्केटर होता. त्याच्या यादीत एकच ओळ रिकामी होती.

जुनाखेळ

ॲक्सेलचा इतिहास थोडक्यात सांगतो, म्हणजे ही रिकामी ओळ किती मोठी होती ते कळेल.

नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसनने १८८२ साली व्हिएन्नात ही उडी पहिल्यांदा स्पर्धेत दाखवली, तीही आजच्या तुलनेत लांबलचक पात्यांचे स्केट घालून. दुहेरी ॲक्सेल डिक बटनने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये मारली. तिहेरी ॲक्सेल कॅनडाच्या व्हर्न टेलरने १९७८ मध्ये ओटावाच्या जागतिक स्पर्धेत उतरवली. त्यानंतरच्या पिढीत ती उडी ज्याच्या नावाशी जोडली गेली तो कॅनडाचाच ब्रायन ऑर्सर, आणि २०१२ मध्ये सेंदाई सोडून हान्यू टोरांटोला ज्यांच्याकडे शिकायला गेला ते प्रशिक्षकही हेच ऑर्सर. स्वतः ऑर्सर १९८४ आणि १९८८ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकावर थांबले. १९८८ मध्ये कॅल्गरीला अमेरिकेच्या ब्रायन बॉइटानोकडून झालेला त्यांचा पराभव तर अगदी निसटता होता.

एकेरीपासून दुहेरीपर्यंत सहासष्ट वर्षे आणि दुहेरीपासून तिहेरीपर्यंत तीस वर्षे लागली. तिहेरीनंतर हान्यू बीजिंगच्या बर्फावर उभा राहिला तेव्हा चव्वेचाळिसावे वर्ष चालू होते.

मूकवाचक

सर्वांचे मनापासून आभार. आता एक अडाणी प्रश्न विचारतो. बर्फात खड्डा पडलाच कसा? ऑलिंपिकच्या मैदानावर असे होऊ शकते?

बर्फाळवाट

प्रश्न अडाणी मुळीच नाही. काही उड्या पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रोवून घेतात. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या तशा उड्या. क्वाडसाठी ते दाते इतक्या जोराने बसतात की बर्फाचा टवका निघतो आणि अंगठा जाईल एवढा खड्डा राहतो. सरावात आम्ही पात्याने खरवडलेला भुगा त्यात भरतो, वरून दाबतो, शक्य असेल तर थोडे पाणी ओततो आणि गोठण्याची वाट पाहतो. मोठ्या स्पर्धांत दोन गटांच्या मध्ये ही डागडुजी होते. एकाच गटातल्या दोन स्केटरांच्या मध्ये मात्र तेवढा वेळ नसतो.

साल्काव ही दाते न वापरता डाव्या पायाच्या आतल्या कडेवरून, पाठमोरे घ्यायची उडी आहे. पात्याला दोन कडा असतात आणि मध्ये बारीक खोलगट पन्हळ असते. झेप घेताना सगळे वजन एका कडेवर असते. ती कड खड्ड्यात गेली की पायाखालची जमीनच जाते. मला एकदा साध्या वळणावर हे झाले आणि मी गुडघ्यावर आदळले. हान्यू पडलाही नाही. ऐन क्षणी उडी हवेत उघडली, एकेरीवर उतरला आणि पुढच्या क्वाड टो लूप, ट्रिपल टो लूपच्या जोडीकडे वळला. ती जोडी त्याने स्वच्छ उतरवली. बर्फाला आपण नकोसे झालो की काय, असे काहीसे तो नंतर बोलला होता. चार वर्षांच्या वयापासून बर्फावर असलेला माणूस बर्फाविषयी असे बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते.

दूरदेशी

मला २०१७ ची हेलसिंकीची जागतिक स्पर्धा प्रत्यक्ष पाहायला मिळाली. कामानिमित्त तिथे होतो आणि एका सहकाऱ्याकडे फ्री स्केटच्या दिवसाचे जादा तिकीट होते. तोपर्यंत हा खेळ मी धड पाहिलेलाही नव्हता.

शॉर्ट प्रोग्रॅमनंतर हान्यू पाचवा होता आणि हाविएर फर्नांडेझच्या दहा गुणांहून अधिक मागे. फर्नांडेझ स्पेनचा, आणि टोरांटोत ऑर्सर यांच्याकडेच हान्यूबरोबर सराव करणारा. हान्यू निळसर पोशाखात आला आणि मी त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या पायांकडे पाहत राहिलो, कारण सहकाऱ्याने आवाज ऐक असे सांगितले होते. इतरांची पाती बर्फावर खरखरत होती. याची उतरताना एक मऊ फाडल्यासारखा आवाज यायचा आणि तो लगेच दूर जायचा, कारण तो उतरतानाच वेगात असायचा. क्वाड लूप, क्वाड साल्काव, मग उत्तरार्धात आणखी दोन क्वाड. एकाही उडीनंतर तो थांबला नाही. संगीत संपले तेव्हा शेजारच्या जपानी आजी रुमाल तोंडावर धरून रडत होत्या आणि चाहते त्याच्यासाठी बर्फावर फेकतात ती विनी द पू या अस्वलाची पिवळी बाहुली वरून माझ्या डोक्यावर येऊन आदळून खाली गेली. त्यानंतर कितीतरी वेळ पिवळा पाऊसच चालू होता आणि लहान मुली त्या बाहुल्या कवेत भरभरून नेत होत्या.

फ्री स्केटचे २२३.२० गुण हा तेव्हाचा विश्वविक्रम होता. एकूण ३२१.५९ आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या उनोचे ३१९.३१. सांगायचे एवढेच की दहा गुणांची पिछाडी भरून काढता येते हे त्याने एकदा स्वतः अनुभवले होते. बीजिंगमध्ये शॉर्ट प्रोग्रॅमनंतर तो उनोच्या १०.७५ गुण मागे होता. त्याला पदकच हवे असते, तर त्यासाठी काय करावे लागते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

सडेतोड

@दूरदेशी, सुंदर प्रतिसाद. आवाजाचा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता. पुढच्या वेळी डोळे मिटून एक कार्यक्रम ऐकून पाहीन.

कातरवेळ

हान्यूच्या जिद्दीचे इतके कौतुक चालू आहे, म्हणून एक गोष्ट मांडतो, जरी ती काही जणांना आवडणार नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये शांघायला, चीनच्या ग्रां प्री स्पर्धेत, फ्री स्केटआधीच्या सहा मिनिटांच्या सरावात हान्यू आणि चीनचा हान यान एकमेकांवर पूर्ण वेगाने आदळले. हान्यू बर्फावर पडून होता, हनुवटीतून रक्त येत होते. डोक्याला पट्टी आणि हनुवटीला चिकटपट्टी लावून तो पुन्हा उतरला, पाच वेळा पडला आणि दुसरा आला. तेव्हा जगभर त्याच्या धैर्याची स्तुती झाली. मी ती करू शकत नाही. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पुन्हा क्वाड उड्या मारायला बर्फावर जाऊ देणे ही व्यवस्थेची चूक होती, आणि त्याचे धैर्य तिच्यावर पांघरूण घालायला वापरले गेले.

त्यानंतर २०१७ मध्ये लुट्झच्या सरावात घोटा दुखावला. २०१८ मध्ये मॉस्कोला सकाळच्या सरावात पुन्हा दुखावला, तरी फ्री स्केट करून तो जिंकला आणि नंतर कुबड्या घेऊन आला. बीजिंगचे इंजेक्शन या मालिकेतले आहे. हट्ट क्वाड ॲक्सेलपुरता नव्हता. थांबायचे कधी, हे त्याला कोणी शिकवले नाही, किंवा शिकवले तरी त्याने ऐकले नाही. या अर्थाने मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पदकामुळे नव्हे तर त्या घोट्यामुळे.

जुनाखेळ

+१. शांघायबद्दल पूर्ण सहमत.

बर्फाळवाट

शांघायबद्दल मीही सहमत आहे. परंतु बीजिंगचा निर्णय सत्तावीस वर्षांच्या, दोनदा ऑलिंपिक जिंकलेल्या प्रौढ माणसाने पूर्ण समजून घेतला होता. ही दोन प्रकरणे एका पंक्तीत बसवू नयेत, असे मला वाटते.

आणि थांबायला तो शिकला नाही, हेही पूर्ण खरे नाही. प्योंगचांगच्या आधी दुखापतीमुळे तो जवळपास तीन महिने स्पर्धेबाहेर होता. तिथे त्याने शोपांच्या संगीतावरचा शॉर्ट प्रोग्रॅम १११.६८ गुणांनी पार पाडला आणि फ्री स्केटमध्ये क्वाड लुट्झ आणि क्वाड लूप दोन्ही बाजूला ठेवून फक्त साल्काव आणि टो लूप घेतल्या, कारण घोटा तेवढाच साथ देणार होता. एकूण ३१७.८५ झाले आणि हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासातले हजारावे सुवर्णपदक त्याच्या गळ्यात पडले. कार्यक्रम संपल्यावर त्याने वाकून आपल्या उजव्या घोट्याला हात लावला होता. गरज होती तेव्हा त्याने हट्ट सोडला होता.

कातरवेळ

हा मुद्दा बिनतोड आहे. प्योंगचांगची मांडणी मी या दृष्टीने पाहिली नव्हती. "शिकला नाही" हे माझे शब्द मागे घेतो.

पहाटवारा

अवांतर : सेंदाईचा उल्लेख आला म्हणून लिहिते. ११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या वेळी सोळा वर्षांचा हान्यू सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता आणि पायांत स्केट असतानाच बाहेर धावला. काही दिवस कुटुंबासह निवारा केंद्रात राहिला. रिंक बंद पडली, तेव्हा त्याने गावोगावच्या बर्फावरच्या कार्यक्रमांत भाग घेऊन तिथल्या मोकळ्या वेळेत सराव केला आणि पुढच्याच वर्षी नीसला पहिल्याच वरिष्ठ जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या फ्री स्केटमध्ये तो पावलांच्या ओळीत मध्येच घसरून पडला आणि उठून लगेच पुढची उडी मारली, ते दृश्य मी कितीदा पाहिले असेल याची गणती नाही. आपल्या आत्मचरित्राचे मानधनही त्याने त्याच रिंकला दिले.

त्याच्या आधी २००६ साली ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी शिझुका आराकावाही याच रिंकवर घडली. एका शहराने, एका रिंकने, दोन ऑलिंपिक विजेते दिले.

आकडेमोड

मूळ विषयाकडे येतो. डिसेंबर २०२१ मध्ये साइतामाला जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत हान्यूने पहिल्यांदा क्वाड ॲक्सेल स्पर्धेत घेतली. तेव्हा तो दोन पायांवर उतरला आणि पंचांनी गिरकी इतकी अपुरी ठरवली की तिला तिहेरीचीच किंमत मिळाली. एकूण ३२२.३६ गुणांनी तो ती स्पर्धा जिंकला, ही गोष्ट निराळी. बीजिंगला सुमारे सात आठवड्यांनी तीच उडी पडूनही क्वाड ॲक्सेल म्हणूनच नोंदली गेली. गुणपत्रिकेवर ४ आणि ए, आणि त्यापुढे अपुऱ्या गिरकीची एकच खूण. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही उडी क्वाड ॲक्सेल म्हणून पंचांनी पहिल्यांदाच मान्य केली.

सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या सतरा वर्षांच्या इल्या मालिनिनने ती पूर्ण उतरवली. हान्यूच्या प्रयत्नाने आपल्याला उमेद मिळाली, हे त्याने स्वतः सांगितले आहे.

सडेतोड

आणि मालिनिनने ती पुढेही अनेकदा उतरवली, हेही लिहायला हवे. ती क्वाड ॲक्सेल म्हणून पहिल्यांदा नोंदवून घेणाऱ्याचा मान हान्यूचा, ती स्पर्धेत सिद्ध करून दाखवणाऱ्याचा मालिनिनचा. दोन्ही मान वेगवेगळे आहेत आणि कोणताही लहान नाही.

शिशिर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. काल रात्री बीजिंगचे दोन्ही कार्यक्रम पुन्हा लावून बसलो. आजवर मी फ्री स्केटच पुन्हा पुन्हा पाहत होतो आणि नेहमी पडण्यापाशी थांबत होतो. शॉर्ट प्रोग्रॅम मी त्या दिवसानंतर पाहिलेलाच नव्हता.

@बर्फाळवाट यांनी लिहिल्यामुळे या वेळी त्या एकेरी उडीनंतर काय होते याकडे लक्ष दिले. उडी हवेत उघडते, तो उतरतो, आणि हात जिथे जायला हवेत तिथेच जातात, पियानोच्या स्वरावर. ज्यांना उड्या मोजता येत नाहीत त्यांना काही चुकले हे समजणारही नाही. मग जोडी, मग ट्रिपल ॲक्सेल, मग पावले आणि गिरक्या. सगळे पार पडल्यावर तो त्या खड्ड्याच्या जागेपाशी गेला आणि वाकून पाहिले. एक उडी पूर्ण शून्य असताना त्याला ९५.१५ गुण मिळाले होते.

क्वाड ॲक्सेलने पदक घालवले, हे माझे विधान मी मागे घेतो. त्या जागी लूप घ्यायला हवी होती का, हा @कातरवेळ यांचा प्रश्न मला अजून खुला वाटतो, पण आता तो विचारताना माझ्या मनात तक्रार नाही. @आकडेमोड, दोन्ही गुणपत्रिकांमधल्या त्या उडीच्या ओळी आपण इथे उतरवून द्याल का? साइतामाची आणि बीजिंगची शेजारी शेजारी पाहायची इच्छा आहे.

आकडेमोड

जरूर. आज संध्याकाळपर्यंत देतो.